बोल्ट काढायचा कुणी?

समोरून दार असलेले कपडे धुण्याचे यंत्र, ज्याला आपण फ्रंट लोड वॉशिंग मशीन म्हणतो, कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा त्याच्या पाठीला ३ किंवा ४ लांब बोल्ट लावलेले असतात. त्यांना ट्रान्झिट बोल्ट म्हणतात. यंत्राच्या पोटातील टाकी बाहेरच्या पत्र्याच्या पेटीला घट्ट जोडलेली नसते. ती वरून स्प्रिंगांवर टांगलेली आणि खालून धक्के शोषणाऱ्या दांड्यांनी पेललेली असते. तिला जडपणा यावा म्हणून बहुतेक यंत्रांत काँक्रीटचे ठोकळेही बसवलेले असतात. ही टांगलेली टाकी ट्रकच्या प्रवासात हेलकावे खाऊन स्प्रिंगांवरून निसटू नये, एवढ्याचसाठी तिला पाठीमागच्या पत्र्याशी जखडून टाकतात. घरी पोहोचल्यावर पाना घेऊन बोल्ट काढायचे, उरलेल्या भोकांवर सोबत आलेली प्लॅस्टिकची झाकणे बसवायची आणि मगच यंत्र सुरू करायचे. सारे काम दहा मिनिटांचे आहे.

ते केले नाही तर काय होते, याचा हिशोब शाळेतल्या पदार्थविज्ञानाने मांडता येतो. कपडे पिळताना ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेतो असे धरू, आणि त्याची त्रिज्या २४ सेंटिमीटर मानू. एका बाजूला गोळा होऊन बसलेला १ किलो ओला कपडा अशा वेळी सुमारे ३८५ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढत असतो, आणि ही ओढ सेकंदाला २० वेळा गोल फिरते. टाकी मोकळी टांगलेली असेल तर ती हा विषम भार सोसून आपला तोल स्वतःच साधते, आणि पेटीपर्यंत फारच थोडा धक्का पोहोचतो. टाकी जखडलेली असेल तर सगळा जोर साठ-सत्तर किलोच्या पेटीवर येतो. यंत्र जागचे हलते, चालत चालत भिंतीवर आदळते, फरशीला तडे पाडते. यंत्र तसेच चालवत राहिले तर बेअरिंग, टाकी आणि बोल्ट जिथे बसवले आहेत ती जागा, यांपैकी जे आधी हार मानेल ते तुटते.

प्रशासनावर लिहिणाऱ्याने या विषयात नाक का खुपसावे, असे वाचक विचारतील. पण गेली कित्येक वर्षे मी शासकीय आदेशांकडे पाहताना जे दृश्य पाहत आलो आहे, ते मला या यंत्राइतके नेमके अन्यत्र कुठे दिसलेले नाही. ते सांगण्यापूर्वी एक घटना सांगतो.

आनेकल हा बंगळुरू शहर जिल्ह्याचा दक्षिणेकडचा, तामिळनाडूच्या सीमेला भिडलेला तालुका. नकाशावर तो खेड्यापाड्यांचा तालुका वाटतो, परंतु इलेक्ट्रॉनिक सिटी, बोम्मसंद्र, जिगणी आणि अत्तिबेले ही औद्योगिक क्षेत्रे याच तालुक्यात येतात. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेली मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्रपर्यंत पोहोचते. पुणे, सोलापूर, कोल्हापूर, नागपूर अशा गावांहून संगणक क्षेत्रात नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे येथील गृहसंकुलांतून मोठ्या संख्येने राहतात. भाड्याचे घर, दर दोन-तीन वर्षांनी बदलणारा पत्ता, आणि प्रत्येक बदलाबरोबर सामानाचा ट्रक, हे त्यांचे जीवनमान. आपल्यापैकी जे लंडन, फ्रँकफर्ट किंवा सिंगापूरला राहतात त्यांनाही हे चित्र अपरिचित नसावे.

चंदापूरजवळ राहणाऱ्या माझ्या परिचयातील अशाच एका तरुण दांपत्याने नवे यंत्र घेतले. शनिवारी दुकानाच्या गाडीतून यंत्र आले. आणणाऱ्या मुलांनी वेष्टन काढले, यंत्र मोरीशेजारी ठेवले, ‘माल सुस्थितीत मिळाला’ या कागदावर सही घेतली आणि ते पुढच्या घरी गेले. कंपनीचा तंत्रज्ञ मंगळवारी येणार होता. घरात सहा महिन्यांचे मूल, दुपट्यांचा ढीग, नळ समोर आणि विजेचे बटणही समोर. रविवारी यंत्र सुरू झाले आणि पिळण्याच्या टप्प्यावर अर्धी खोली ओलांडून दाराशी येऊन थांबले. मंगळवारी तंत्रज्ञाने बोल्ट पाहिले आणि ‘ग्राहकाकडून गैरवापर’ असा शेरा मारला. दुकानदार म्हणाला, जोडणी आमच्याकडे नाही. कंपनी म्हणाली, आमचा माणूस येण्याआधी यंत्र सुरू केले. वाहतूकदाराचा तर प्रश्नच नव्हता, त्याच्याकडे सहीचा कागद होता. त्या मुलीने मला फोनवर विचारले, “काका, चूक आमची आहे हे मान्य, पण एवढ्या लोकांनी यंत्राला हात लावला, त्यांपैकी बोल्ट काढणे हे नक्की कोणाचे काम होते?”

मला हा प्रश्न अतिशय मार्मिक वाटला. बोल्ट लावणाऱ्याला तो लावण्यात स्वारस्य असते. वाटेत टाकी मोडली तर नुकसान त्याच्या माथी बसणार, म्हणून तो विसरत नाही. यंत्र सुखरूप पोहोचले की त्याचा संबंध संपतो. काढण्याचे काम मात्र ज्याच्या नावे असते त्याला बोल्टाचा पत्ता नसतो, आणि ज्याला पत्ता असतो तो मंगळवारी येणार असतो. त्यातून आपल्याकडे अनेक घरांत पूर्वी असलेली यंत्रे सेमी ऑटोमॅटिक किंवा वरून दार असलेली. सेमी ऑटोमॅटिकला असले बोल्ट नसतात, वरून दार असलेल्यातून बहुधा फोमचे किंवा पुठ्ठ्याचे ठोकळे निघतात आणि ते डोळ्यांना दिसतात. त्यामुळे आईने मुलीला, सासूने सुनेला सांगावे असे हे ज्ञान घराघरांत अजून मुरलेले नाही.

कायदा या बाबतीत अगदीच गप्प नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये उत्पादनदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा दिला नाही आणि त्यामुळे हानी झाली, तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. त्याच प्रकरणात गैरवापर झालेल्या वस्तूसाठी अपवादही आहे. म्हणजे सगळा वाद ‘पुरेशा’ या एका शब्दावर येऊन ठेपतो. पुस्तिकेच्या सातव्या पानावर इंग्रजीत लिहिलेली ओळ पुरेशी म्हणावी का? वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावरची सक्तीची माहिती देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असली की भागते. स्थानिक भाषा तिच्याबरोबर छापता येते, पण तशी सक्ती नाही. आनेकलमध्ये यंत्र उचलणारा मुलगा ओडिशाचा असेल, विकणारा कन्नडिग, वापरणारी सोलापूरची, आणि कपडे धुवायला येणाऱ्या बाईंना तेलुगू येत असेल. या चौघांनाही एकाच वेळी कळेल अशी सूचना अक्षरांत लिहिता येत नाही. ती वस्तूच्या रचनेतच असायला हवी. या मुद्द्याकडे मी शेवटी येईन.

आता प्रशासनाकडे वळतो. कुठलीही व्यवस्था एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना, म्हणजे युद्धातून शांततेकडे, टंचाईतून मुबलकतेकडे, जुन्या करपद्धतीतून नव्याकडे नेताना, तिचे नाजूक भाग काही काळ जखडून ठेवावे लागतात. त्यात गैर काही नाही. शासकीय भाषेत त्यांना ‘तात्पुरते निर्बंध’, ‘संक्रमणकालीन तरतुदी’, ‘पुढील आदेश होईपर्यंत’ अशी नावे असतात. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ हे शब्द मी माझ्या सेवाकाळात असंख्य वेळा वाचले आहेत. तो पुढील आदेश कोणी, केव्हा आणि काय पाहून काढायचा, हे त्याच कागदावर लिहिलेले मात्र मला फारच क्वचित आढळले.

आपल्या लग्नकार्यात देवक बसवतात. ते बसवले की कार्य निर्विघ्न व्हावे म्हणून यजमान काही बंधनांत राहतात, आणि कार्य आटोपले की ज्यांनी बसवले त्यांनीच ते विधिपूर्वक उठवायचे असते. देवक उठल्याशिवाय घर मोकळे झाले असे कोणी मानत नाही. आपल्या पूर्वजांना ही गोष्ट कळत होती. सचिवालयीन कार्यपद्धतीत देवक बसवण्याचे सर्व विधी आहेत. उठवण्याचा विधी कुणी लिहूनच ठेवलेला नाही.

याचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण मुंबईचे भाडेनियंत्रण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसांचा लोंढा वाढला, सिमेंट-पोलाद लष्कराकडे वळले, नवी घरे बांधली जाईनात आणि भाडी भडकू लागली. अशा वेळी भाडी गोठवणे आवश्यकच होते. १९४७ साली मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम आला. प्रमाणभाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख पायाभूत धरली गेली. हा कायदा मुदतीचा होता. जखडलेली टाकी किती दिवस जखडायची हे त्यात लिहिलेले होते, ही त्याची जमेची बाजू. पण मुदत संपत आली की मुदतवाढ, ती संपत आली की पुन्हा मुदतवाढ, असे करत तो पन्नास वर्षे चालला.

मुंबईला याची किंमत कशी मोजावी लागली हे गिरगाव, लालबाग, भायखळ्याच्या रस्त्यांवरून हिंडणाऱ्याला दिसते. १९४० च्या भाड्यात १९७० ची दुरुस्ती होईना. मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. भाडेकरूला घर सोडणे परवडेना, म्हणून पागडीचा समांतर बाजार उभा राहिला. इमारती कोसळू लागल्या तेव्हा शासनाने १९६९ साली दुरुस्तीसाठी कायदा करून उपकर बसवला आणि दुरुस्ती मंडळ स्थापन केले. उपकरप्राप्त इमारतींची मूळ संख्या १९ हजारांहून अधिक होती. म्हणजे एक बोल्ट वेळेवर निघाला नाही म्हणून हादरणाऱ्या पेटीला बाहेरून टेकू देण्याकरिता नवा कर, नवे मंडळ आणि नवा कर्मचारीवर्ग उभा करावा लागला. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींच्या याद्या आजही प्रसिद्ध होतात.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात जे म्हटले ते प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावे असे आहे. जी तरतूद करताना वाजवी होती ती काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाली आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. तरीही न्यायालयाने ती तरतूद त्या क्षणी रद्द ठरवली नाही, कारण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार होती आणि नवा कायदा करण्याचे विधिमंडळाच्या विचाराधीन होते. त्यानंतरही जुन्या कायद्याला मुदत मिळालीच. अखेर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची मुभा आली आणि पागडीला कायद्याचे छत्र मिळाले.

येथे घरमालकांची बाजू घेऊन भाडेकरूंना दोष देणे सोपे आहे, आणि ते मला मान्य नाही. त्या खोल्यांत गिरणी कामगार, कारकून, शिक्षक, पोस्टमन यांच्या तीन-तीन पिढ्या राहिल्या. १९५२ साली बोल्ट काढला असता तर थोडा धक्का बसून टाकी स्थिर झाली असती. १९९९ साली तो एकदम उपटला असता तर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती. बोल्ट फार काळ राहिला की यंत्र त्याच्याभोवती वाढते. लोक आपले हिशोब, आपली लग्ने, आपली म्हातारपणे त्याच्या आधाराने आखतात. मग तो काढण्याचा प्रश्न तांत्रिक राहत नाही, न्यायाचा होतो. विलंबाची खरी किंमत मला वाटते ती हीच.

दुसरे उदाहरण थोडक्यात सांगतो. आयातीवरचे नियंत्रण महायुद्धात भारत संरक्षण नियमांखाली आले. युद्ध संपल्यावर १९४७ साली त्यासाठी जो कायदा झाला तो ३ वर्षांसाठी होता. तो बदलायला १९९२ साल उजाडले. बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे उरलेसुरले परिमाणात्मक निर्बंध तर १ एप्रिल २००१ रोजी उठले, आणि तेही जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेशी झालेला वाद हरल्यावर. ज्या पिढीने परदेशातून येणाऱ्या भावाची वाट मिक्सर आणि टेपरेकॉर्डरसाठी पाहिली, तिला अधिक सांगण्याची गरज नाही.

हे मोठे विषय झाले. पण रोजच्या कार्यालयीन जीवनातही हेच चालते. महाराष्ट्र शासनात पदे स्थायी आणि अस्थायी अशी दोन प्रकारची असतात. अस्थायी पदाला मुदत असते, आणि ती संपण्याआधी ‘अस्थायी पदे पुढे चालू ठेवण्याबाबत’ असा शासन निर्णय काढावा लागतो. कल्पना चांगली आहे: दरवेळी मुदत संपताना या पदाची गरज अजून आहे का हे तपासले जावे. प्रत्यक्षात काय होते? दहा-वीस वर्षे जुन्या अस्थायी पदांची यादी गेल्या वेळच्या निर्णयावरून उतरवली जाते, तारखा बदलतात आणि सही होते. सही लांबली तर कोषागार वेतन देयक अडवते, कर्मचाऱ्यांचा पगार थांबतो, संघटना निवेदन देते आणि मग निर्णय धावतपळत निघतो. गरज तपासण्याला त्या घाईत वेळ कुठला? अशा याद्यांवर माझ्यासमोर चर्चा झाल्या त्यांत ‘हे पद का आहे?’ या प्रश्नापेक्षा ‘निर्णय महिनाअखेरपूर्वी निघेल ना?’ हा प्रश्न कैकपटीने अधिक वेळा विचारला गेला. मुदत लिहिणे आणि मुदतीला विचार करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो योग्य आहे. बोल्ट वेळेआधी काढणेही तितकेच घातक असते. गोदामातच ‘काम उरकून टाकू’ म्हणून बोल्ट काढले आणि मग यंत्र टेम्पोत चढवले, तर स्प्रिंगा वाटेतच निसटतील. प्रवास खरोखर संपला आहे का, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. वस्तू व सेवा कराच्या वेळी हे बऱ्याच अंशी नीट घडले असे माझे मत आहे. १ जुलै २०१७ रोजी हा कर आला तेव्हा राज्यांचे स्वतःचे अनेक कर त्यात विरले. मुंबई महापालिकेची जकातही त्याच दिवशी गेली. राज्यांचा महसूल कोसळू नये म्हणून २०१५-१६ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी १४ टक्के वाढीची हमी ५ वर्षांसाठी दिली गेली, आणि त्यासाठी भरपाई उपकर लावला गेला. मुदत कायद्यात होती, कारण कायद्यात होते, मोजमापही होते. हमी ३० जून २०२२ रोजी संपली. मधल्या काळात कोविड आला, राज्यांसाठी कर्ज काढावे लागले, म्हणून ते फेडण्यापुरता उपकर पुढे वाढवला गेला. पण तो कशासाठी वाढवला हे सर्वांना ठाऊक होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तंबाखूजन्य पदार्थ वगळता बाकी वस्तूंवरून तो उठला. राज्यांच्या तक्रारी होत्या, काही रास्तही होत्या. तरी ५० वर्षे आणि ८ वर्षे यांतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेत लिहिलेली असते आणि ती हमखास दुर्लक्षिली जाते: काढलेले बोल्ट जपून ठेवावेत. घर बदलताना ते पुन्हा लागतात. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्यांना याचे मोल कळेल. आनेकलहून पुण्याचा रस्ता आठशे किलोमीटरहून अधिक आहे. तेवढ्या प्रवासात टांगलेली टाकी मोकळी ठेवून यंत्र नेले तर ते पोहोचेल, चालेलच असे नाही. पण तोवर बोल्ट भंगारवाल्याकडे गेलेले असतात.

प्रशासनात याचा अर्थ असा, की निर्बंध उठवणे म्हणजे तो अधिकारच नष्ट करणे नव्हे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम झाला. त्याच्या बळावर पुण्यात जी दडपशाही झाली आणि त्यातून रँडचा वध झाला, तो इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्या छोट्याशा कायद्याची रचना पाहा. तो स्वतःहून कोणाला काही करायला लावत नाही. साथ आली आणि नेहमीचे कायदे अपुरे पडले, तर शासनाला तात्पुरते नियम करता येतात, एवढेच तो सांगतो. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा हा बोल्ट खणातून काढला गेला, २०२० च्या मार्चमध्ये पुन्हा काढला गेला, आणि महाराष्ट्रातील कोविड निर्बंध २०२२ च्या गुढीपाडव्याला उठवले गेले. रँडच्या काळात हाच कायदा ज्या मग्रुरीने वापरला गेला ती वेगळी गोष्ट. पाना कोणाच्या हातात आहे हा प्रश्न बोल्टाच्या रचनेने सुटत नाही.

परगावी राहणाऱ्या वाचकांसाठी एक छोटे विषयांतर. आनेकलमध्ये एमएच क्रमांकाच्या गाड्या दहा-दहा वर्षे फिरताना दिसतात. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली तर तेथील क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्यात कर, जुन्या राज्याकडून परताव्याची मागणी, असा द्राविडी प्राणायाम असतो. म्हणून लोक ‘आम्ही येथे तात्पुरतेच आहोत’ असे म्हणत राहतात. २०२१ साली ज्यांच्या बदल्या राज्याराज्यांत होतात अशांसाठी भारत मालिकेचे बीएच क्रमांक आले, ही चांगली सुधारणा झाली. पण ती सर्वांना खुली नाही. मतदार यादीचेही तेच. आनेकलमध्ये पंधरा वर्षे राहणाऱ्याचे नाव सोलापूरच्या यादीत असते. नाव हलवण्यासाठी नमुना ८ भरायचा असतो. तो भरण्यात कायद्याची अडचण काही नसते, अडचण मनाची असते. असो.

मूळ प्रश्नाकडे येतो: बोल्ट काढायचा कुणी? माझे उत्तर असे, की ज्याने लावला त्याच्याच नावावर काढण्याचे काम राहिले पाहिजे. वॉशिंग मशीनच्या बाबतीत ग्राहकाच्या सहीचा कागद वेष्टन काढून बोल्ट बाहेर आल्यावरच व्हावा. तंत्रज्ञाला वेगळे पाठवायचे असेल तर यंत्र आणि तंत्रज्ञ एकाच दिवशी जावेत. नाहीतर वेष्टनच तंत्रज्ञाने उघडावे. आदेशाच्या बाबतीत प्रत्येक तात्पुरत्या निर्बंधाच्या शेवटच्या परिच्छेदात चार गोष्टी असाव्यात: मुदतीची तारीख, प्रवास संपल्याची खूण काय मानायची, ते पाहून टिप्पणी सादर करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम, आणि उठवलेला आदेश पुन्हा लागल्यास तो कोणत्या नस्तीत सापडेल. मुदतवाढ द्यायची असेल तर नवे कारण लिहिणे सक्तीचे असावे. ‘पूर्वीच्या आदेशात नमूद कारणास्तव’ हे चालू नये. १९९८ साली जैन आयोगाने तेराशेहून अधिक कालबाह्य केंद्रीय कायदे रद्द करण्याची शिफारस केली, आणि २०१४ नंतर दीड हजाराच्या आसपास कायदे रद्दही झाले. हे चांगले झाले, पण ती पन्नास-शंभर वर्षांनी केलेली एकदाची साफसफाई होती. त्यांतले बरेच बोल्ट ज्या यंत्रांचे होते ती यंत्रेच केव्हाची मोडीत निघाली होती.

आणि भाषेचा जो मुद्दा मी मागे ठेवला होता, त्यावर एक साधी सूचना. यंत्राची वीजतार कारखान्यातच बोल्टांना अशी बांधावी, की बोल्ट काढल्याशिवाय तिची पिन बटणापर्यंत पोहोचूच नये. मग कन्नड, मराठी, ओडिया, तेलुगू, काहीच लिहावे लागणार नाही. शासनात अशी पिन कोषागाराच्या हातात आहे. आज मुदतवाढीचा निर्णय जोडलेला नसेल तर ते देयक परत करते. पदाचा आढावा घेतल्याची सहीनिशी टिप्पणीही त्याच देयकाच्या आधी कोषागारात पोहोचायला हवी, आणि तिची अंतिम तारीख मुदत संपण्याच्या निदान तीन महिने अलीकडची असावी, म्हणजे कोणाचा पगार न अडवता ती परत पाठवता येईल.